मेनफ्रेमची डिस्क लिनक्सवर माउंट केली, की आत नेमकं काय घडतं?

बँकेच्या किंवा विमा कंपनीच्या मेनफ्रेम (म्हणजे मोठा मध्यवर्ती संगणक) प्रकल्पावर लिनक्समध्ये मुरलेली एखादी मुलगी किंवा मुलगा आला, की सुरुवातीला त्याला सगळं सोपं वाटतं. मेनफ्रेमची डिस्क माउंट केली, म्हणजे नेटवर्कवरून जोडून घेतली, की तिकडचा कोबोल भाषेतला सोर्स लिनक्स मशीनवरच्या एका डिरेक्टरीत दिसतोय, 'कॅट'ने वाचता येतोय, 'ग्रेप' चालतोय. मग एकेक कोडं पडायला लागतं. साधं 'एलएस -एल' मारलं तर प्रॉम्प्ट परत यायला एवढा वेळ का? इकडे फाइल सेव्ह करून बाहेर पडलो, तरी तिकडचा जॉब (मेनफ्रेमला करायला दिलेलं काम) तिच्यासाठी ताटकळत का बसलाय? आणि शिलकीच्या रकमा असलेली फाइल कॉपी केली तर आकडेच कसे बदलले? पुण्या-मुंबईत मेनफ्रेमवर काम करणारी मंडळी भरपूर आहेत, पण या प्रश्नांना बहुतेक वेळा "ते तसंच असतं, बायनरी मोड लाव" एवढंच उत्तर मिळतं. नव्या माणसाला हे उत्तर पुरेसं नाही, म्हणून हा लेख.

तिन्ही कोड्यांचं मूळ एकच आहे. नेटवर्क फाइल सिस्टिम, म्हणजे एनएफएस, असं धरून चालते की फाइल म्हणजे बाइट्सची एक सलग रांग, तिची लांबी नेहमी ठाऊक, आणि ती कुणी उघडून ठेवली आहे का याच्याशी देणंघेणं नाही. मेनफ्रेमवरचा डेटासेट, म्हणजे तिकडची फाइल, यातल्या एकाही अटीत बसत नाही. मधे बसलेला एनएफएस सर्व्हर हा फरक तुमच्यापासून लपवण्यासाठी सतत राबत असतो, आणि जिथे त्याला ते जमत नाही तिथे तुम्हाला कोडं पडतं.

तिकडची डिस्क कशी असते

७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने सिस्टिम/३६० जाहीर केली. आज झेड/ओएस ही मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम ज्या यंत्रांवर चालते ती त्याच घराण्यातली. तिथे डेटासेट बनवतानाच सांगावं लागतं की यातले रेकॉर्ड, म्हणजे एकेक नोंद किंवा ओळ, कसे असतील. 'एफबी, ८०' म्हटलं की प्रत्येक रेकॉर्ड बरोबर ८० बाइट्सचा. हा ८० चा आकडा पंच कार्डाच्या ८० रकान्यांवरून आला. बँकेच्या छापील फॉर्मवर नावासाठी चौकोन आखलेले असतात, तसंच हे: नाव 'उमा' असो की 'पुरुषोत्तम', चौकोन तेवढेच, उरलेले कोरे. त्यामुळे ओळ कुठे संपली हे सांगणारं न्यूलाइनचं चिन्ह तिथे नसतंच. ८१ वा बाइट म्हणजे पुढच्या ओळीचा पहिला. 'व्हीबी' प्रकारात रेकॉर्ड लहानमोठे असतात, तेव्हा प्रत्येकाच्या आधी ४ बाइट्सचं शीर्षक असतं आणि त्यात लांबी लिहिलेली असते. न्यूलाइन तिथेही नाही.

हे रेकॉर्ड ब्लॉकमध्ये बांधले जातात आणि ब्लॉक डिस्कच्या ट्रॅकवर, म्हणजे तबकडीवरच्या वर्तुळाकार पट्ट्यांवर, लिहिले जातात. युनिक्सची डिस्क ठरावीक मापाच्या सेक्टरांची असते. मेनफ्रेमच्या डिस्कवर ब्लॉक केवढा हे डेटासेट बनवणारा ठरवतो. ३३९० या डिस्कचा एक ट्रॅक ५६,६६४ बाइट्सचा. पण प्रत्येक ब्लॉकसोबत त्याची ओळख सांगणारा एक छोटा भाग आणि मोकळी जागा लागते, म्हणून ८० बाइट्सचा एकेक रेकॉर्ड सुटा लिहिला तर एका ट्रॅकवर फक्त ७८ मावतात. तेच ३४९ रेकॉर्ड एका ब्लॉकमध्ये बांधले, तर ब्लॉक २७,९२० बाइट्सचा होतो, असे दोन ब्लॉक एका ट्रॅकवर बसतात, आणि रेकॉर्ड होतात ६९८. त्याच ट्रॅकवर जवळपास नऊपट माल! आज आतमध्ये फिरणारी तबकडी नसते, फ्लॅश असतं. तरी स्टोरेज बॉक्स बाहेरच्या जगाला आपण ३३९० आहोत असंच सांगतो, आणि ही सगळी गणितं अजून चालू आहेत. जुन्या प्रोग्रॅमना हात न लावता नवं हार्डवेअर आणायचं, या हट्टाचं हे फळ. मला हा हट्ट फार मोलाचा वाटतो.

एनएफएस काय मागतं

एनएफएस सन मायक्रोसिस्टिम्सने १९८० च्या दशकाच्या मध्यावर तयार केलं. दुसरी आवृत्ती १९८५ साली बाहेर आली, तिसरी १९९५ साली प्रसिद्ध झाली. त्यातला मुख्य विचार असा, की सर्व्हरने क्लायंटबद्दल काहीही लक्षात ठेवायचं नाही. क्लायंटची प्रत्येक मागणी स्वतःपुरती पूर्ण असते: "या हँडलच्या (ओळखखुणेच्या) फाइलमधले ५०,००० व्या बाइटपासून पुढचे ८,१९२ बाइट्स दे." सर्व्हर मधेच कोसळून पुन्हा उभा राहिला तरी क्लायंट तीच मागणी परत करतो आणि काम पुढे सरकतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीत 'फाइल उघड' आणि 'फाइल बंद कर' असे निरोपच नाहीत. त्या काळच्या कुरकुरणाऱ्या नेटवर्कवर ही कल्पना अत्यंत हुशारीची होती.

आता मेनफ्रेमच्या बाजूने बघा. "५०,००० वा बाइट" म्हणजे कितवा रेकॉर्ड? टेक्स्ट म्हणून वाचताना सर्व्हर प्रत्येक रेकॉर्डच्या शेवटच्या कोऱ्या जागा छाटतो आणि न्यूलाइन जोडतो. म्हणजे युनिक्सला दिसणारा ५०,००० वा बाइट कुठल्या ट्रॅकवर आहे हे सुरुवातीपासून मोजत गेल्याशिवाय कळत नाही. क्रमाने वाचत गेलात तर सर्व्हर आपली जागा धरून ठेवतो, अडचण येत नाही. फाइलमध्ये मागेपुढे उड्या मारल्यात, तर त्याची दमछाक होते. त्यात क्लायंट वेग वाढवण्यासाठी अनेक मागण्या एकदम सोडतो, त्या उलटसुलट क्रमाने पोचतात. लिहितानाच्या अशा भरकटलेल्या तुकड्यांसाठी सर्व्हरला वेगळा बफर ठेवावा लागतो. त्याचं माप सिस्टिम प्रोग्रॅमर 'कॅशविंडो' या सेटिंगने ठरवतो.

माउंट होतं ते काय?

बोलताना आपण 'डिस्क माउंट केली' म्हणतो. झेड/ओएसच्या बाबतीत ते खरं नाही. माउंट कमांडमध्ये होस्टचं नाव, कोलन, आणि मग अवतरणचिन्हांत डेटासेटच्या नावाचा सुरुवातीचा भाग देतात. त्याला कॉमा लावून 'टेक्स्ट' किंवा 'बायनरी' अशी विशेषणं जोडता येतात. सर्व्हर कुठलीही एक डिस्क उघडत नाही. तो कॅटलॉगमध्ये, म्हणजे डेटासेटच्या नोंदवहीत, पाहतो की या नावाने सुरू होणारे डेटासेट कुठले, आणि त्यांची यादी डिरेक्टरी म्हणून तुमच्यापुढे ठेवतो. त्यातला एक डेटासेट एका व्हॉल्यूमवर (म्हणजे एका डिस्कवर) असेल, दुसरा भलत्याच, तिसरा तीन व्हॉल्यूमवर पसरलेला.

डेटासेटचं नाव जास्तीत जास्त ४४ अक्षरांचं, टिंबांनी तोडलेलं, प्रत्येक तुकडा ८ अक्षरांपर्यंत. ही टिंबं म्हणजे डिरेक्टरीच्या पायऱ्या नव्हेत, नाव एकच आहे. खऱ्या अर्थाने डिरेक्टरीसारखा असतो तो पीडीएस: त्याच्या पोटात मेंबर असतात, तो युनिक्सवर डिरेक्टरी म्हणून दिसतो आणि मेंबर फाइल म्हणून. मेनफ्रेमवरची कॅपिटल नावं इकडे स्मॉल अक्षरांत दिसतात. मेंबरला एक्स्टेन्शन नसतं, त्यामुळे युनिक्सवरच्या एडिटरला हे कोबोल आहे की जेसीएल (जॉब चालवण्याच्या सूचना लिहायची भाषा) हे कळत नाही आणि रंगीत अक्षरं उमटत नाहीत. एक्स्टेन्शन जोडून दाखवण्याची सोय सर्व्हरमध्ये आहे, पण ती आधी मांडून घ्यावी लागते.

'एलएस -एल' का रेंगाळतं

युनिक्सला फाइलची लांबी बाइटच्या हिशेबाने नेमकी लागते. एनएफएसमध्ये क्लायंट फाइलचे गुणधर्म मागतो तेव्हा लांबी त्यातच असते आणि ती द्यावीच लागते. मेनफ्रेमच्या कॅटलॉगमध्ये किंवा डिस्कच्या अनुक्रमणिकेत ही लांबी लिहिलेलीच नाही. तिथे लिहिलेलं असतं की किती ट्रॅक दिलेत आणि शेवटचा वापरलेला ट्रॅक कुठला.

समजा, १ लाख रेकॉर्डचा एफबी ८० डेटासेट आहे. बायनरी म्हणून त्याची लांबी ८० लाख बाइट्स. टेक्स्ट म्हणून किती? प्रत्येक ओळीच्या शेवटी किती कोऱ्या जागा आहेत त्यावर अवलंबून. आणि ते कळण्याचा एकच खात्रीचा मार्ग म्हणजे सगळा डेटासेट वाचणं. म्हणून 'एलएस -एल' मारली, की सर्व्हर बिचारा त्या यादीतले डेटासेट वाचत सुटतो. साधं 'एलएस' लवकर परत येतं आणि 'एलएस -एल' येत नाही, याचं कारण हे.

यावर तोड म्हणून 'फास्टफाइलसाइझ' नावाचं विशेषण आहे. ते लावलं की सर्व्हर न वाचता अंदाजे लांबी सांगतो. यादी झटपट येते, पण तो आकडा खरा मानून चालणारे प्रोग्रॅम फसतात: फाइल मधेच संपल्यासारखी वाटते किंवा शेवटी गोंधळ होतो. माझं मत विचाराल तर नुसतं चाळायचं असेल तेव्हाच हे वापरा. कॉपी करायची असेल तर थोडा वेळ थांबलेलं परवडतं.

याच्याच जवळचा आणखी एक खड्डा आहे. बरेच दिवस न वापरलेले डेटासेट मेनफ्रेम आपोआप दुसऱ्या जागी हलवते, बऱ्याचदा टेपवर. कॅटलॉगमध्ये नाव राहतं, माल मात्र दूर गेलेला. अशा माउंटवर वरपासून खालपर्यंत 'फाइंड' आणि 'ग्रेप' सोडलं आणि माउंट 'रिट्रीव्ह' विशेषणाने केलेलं असलं, तर एकामागून एक डेटासेट परत बोलावले जातात. स्टोरेज सांभाळणाऱ्यांचा फोन तुम्हाला येणारच. 'नोरिट्रीव्ह' लावलं तर हलवलेले डेटासेट मिळणार नाहीत, पण तो अनर्थ टळतो. नव्या माणसाच्या हाती माउंट देताना मी तरी हेच सुचवीन.

फाइल बंद झाली हे कोण सांगणार?

वर म्हटलं की एनएफएसच्या दुसऱ्या-तिसऱ्या आवृत्तीत 'बंद कर' हा निरोप नाही. झेड/ओएसवर मात्र डेटासेट लिहायला घेतला की तो उघडावाच लागतो, आणि उघडला की कुलूप लागतं. दुसऱ्या कुणाला तो त्या वेळात एकट्याच्या ताब्यात घेता येत नाही. मग सर्व्हरने हे कुलूप काढायचं कधी? तुम्ही व्हिम एडिटरमधून सेव्ह करून बाहेर पडलात, हे त्याला कधीच कळत नाही. त्याला एवढंच दिसतं की लिहिण्याच्या मागण्या यायच्या थांबल्या.

म्हणून तो घड्याळ लावतो. शेवटच्या लिखाणानंतर ठरावीक वेळ काहीच आलं नाही, तर तो स्वतःहून डेटासेट बंद करतो. सोबत येणाऱ्या सेटिंगमध्ये लिहिण्यासाठी ही मुदत ३० सेकंदांची आणि वाचण्यासाठी ९० सेकंदांची असते. सिस्टिम प्रोग्रॅमर ती बदलू शकतो. त्या वेळात मेनफ्रेमवर तोच डेटासेट मागणारा जॉब सबमिट केलात, तर तो 'वेटिंग फॉर डेटासेट्स' म्हणत उभा राहतो. स्क्रिप्टमधून आधी फाइल लिहायची आणि लगेच जॉब सोडायचा असा क्रम असेल, तर हे रोज भोवतं. मुदत फार कमी करून ठेवली, तर उलटी अडचण: हळू लिहिणाऱ्या प्रोग्रॅमच्या मधेच डेटासेट बंद होतो. पीडीएस असेल तर आणखी एक बंधन, एका वेळी त्यातल्या एकाच मेंबरवर लिहिता येतं. पीडीएसई या नव्या प्रकारात एकाच वेळी अनेक मेंबर लिहिता येतात, त्यामुळे अनेक जण एकाच लायब्ररीत काम करत असतील तर ती पीडीएसई करून घ्यावी.

चौथ्या आवृत्तीत उघडणं आणि बंद करणं हे निरोप आले, आणि हा घोळ बराच कमी झाला. पण जुन्या स्क्रिप्टमध्ये 'व्हर्स=३' लिहिलेलं असतं आणि ते कुणी बदलत नाही. तुमच्या माउंटची आवृत्ती एकदा तपासून बघा.

टेक्स्ट की बायनरी: इथे पैसे बुडतात

हा या लेखाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग, कारण बाकीच्या ठिकाणी फक्त वेळ जातो. इथे आकडे बदलतात, आणि एकही एरर येत नाही.

मेनफ्रेमवर अक्षरं एबसिडिकमध्ये साठवतात, युनिक्सवर आस्कीत किंवा त्यावरून पुढे आलेल्या संचांत. कॅपिटल 'ए' एबसिडिकमध्ये १९३, आस्कीत ६५. कोरी जागा तिकडे ६४, इकडे ३२. माउंट 'टेक्स्ट' असेल तर सर्व्हर प्रत्येक बाइट तक्त्यात बघून बदलतो. सोर्स कोड, जेसीएल, छापील रिपोर्ट यांच्यासाठी हे अगदी योग्य आहे.

पण कोबोलच्या डेटा फाइलींमध्ये रकमा बहुधा अक्षरांत नसतात, कॉम्प-३ म्हणजे पॅक्ड डेसिमलमध्ये असतात. एका बाइटमध्ये दोन अंक, आणि शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये चिन्ह. अधिक १२,३४५ हा आकडा तीन बाइट्समध्ये असा बसतो, हेक्समध्ये (सोळाच्या पायावर): १२, ३४, ५सी. शेवटचा 'सी' म्हणजे अधिक. आता हा रेकॉर्ड टेक्स्ट माउंटमधून वाचा. सर्व्हरला काय ठाऊक की ही रक्कम आहे? तो प्रत्येक बाइटला अक्षर समजतो. पहिला बाइट १२ हा एक कंट्रोल कोड आहे, तो १२ च राहतो. दुसरा ३४, नेहमीच्या तक्त्यानुसार त्याचा ९४ होतो. तिसरा ५सी हे एबसिडिकमधलं तारांकित चिन्ह, ते आस्कीत २ए होतं. हाती आलं: १२, ९४, २ए.

आता गंमत नाही, धोका बघा. चिन्हाच्या जागी 'सी' ऐवजी 'ए' आला, पण मेनफ्रेमच्या हार्डवेअरच्या लेखी 'ए' सुद्धा अधिकच. बाकीचे सगळे अर्धे बाइट शून्य ते नऊच्या आतले. म्हणजे हा एक पूर्णपणे वैध पॅक्ड आकडा आहे: अधिक १२,९४२. दोन दशांश स्थळं धरली तर १२३ रुपये ४५ पैशांचे १२९ रुपये ४२ पैसे झाले. तपासणी करणाऱ्या प्रोग्रॅमला यात काही खटकणार नाही.

दुसरे काही आकडे तर रेकॉर्डच मोडतात. पॅक्ड रकमेत एका बाइटमध्ये १ आणि ५ शेजारी आले, की तो बाइट हेक्स १५, आणि एबसिडिकमध्ये ते न्यूलाइनचं चिन्ह. काही तक्त्यांत हाच मान २५ ला असतो. सर्व्हरने त्याचं युनिक्सची न्यूलाइन केली, की एका ग्राहकाची ओळ मधेच तुटून दोन होतात. रेकॉर्डच्या शेवटी बायनरीतला पूर्णांक असेल आणि त्याचा शेवटचा बाइट हेक्स ४० असेल, तर तो कोरी जागा समजून छाटला जातो. बायनरीतले बाकीचे पूर्णांकही असेच बदलतात.

तेव्हा नियम साधा: कॉपीबुकमध्ये (रेकॉर्डचा आराखडा सांगणाऱ्या कोबोलच्या फाइलमध्ये) एक जरी कॉम्प फील्ड, म्हणजे पॅक्ड किंवा बायनरी आकडा, असेल, तर माउंट बायनरी. तेव्हा बाइट जसेच्या तसे येतात, पण जबाबदारी तुमच्याकडे येते. एफबी डेटासेट एकच अखंड ओळ म्हणून दिसतो, आणि रेकॉर्ड कुठे तोडायचा हे लांबीवरून तुम्ही ठरवायचं. अक्षरांची फील्ड स्वतः बदलायची, पॅक्ड रकमा स्वतः सोडवायच्या. बायनरी पूर्णांक असतील तर बाइटचा क्रमही बघावा लागतो, कारण मेनफ्रेम मोठ्या किमतीचा बाइट आधी ठेवते आणि तुमचा इंटेलचा लिनक्स लहान. व्हीबी डेटासेट बायनरीत वाचताना रेकॉर्डच्या सीमा हरवू शकतात, म्हणून तसा डेटा पाठवण्याआधी मेनफ्रेमवरच एफबी करून घेतलेला बरा.

निव्वळ अक्षरांचा डेटासेट बायनरीत माउंट झाला असेल, तरी घाबरायचं कारण नाही. युनिक्सच्या जुन्या 'डीडी' कमांडला 'कन्व्ह=आस्की' आणि 'सीबीएस=८०' सांगितलं, की ती एबसिडिकचं आस्की करते, शेवटच्या कोऱ्या जागा काढते आणि प्रत्येक ८० बाइट्सनंतर न्यूलाइन घालते. युनिक्सवाल्यांना मेनफ्रेमच्या टेपा वाचाव्या लागत, त्या दिवसांची ही खूण. नेमका तक्ता निवडायचा असेल तर 'आयकॉन्व्ह' वापरा.

तक्ता निवडण्यावरून आठवलं. एबसिडिकही एक नाही. १०४७ आणि ०३७ हे दोन तक्ते जवळजवळ सारखे आहेत, पण चौकटी कंसांची जागा दोन्हींत वेगळी. सी भाषेचा सोर्स चुकीच्या तक्त्याने आणलात, तर ॲरेचे सगळे कंस भलतेच दिसतात. देवनागरीसाठीही आयबीएमचा एबसिडिक तक्ता आहे, क्रमांक ११३७. पण माउंट १०४७ वर असताना सोर्समध्ये मराठीत टिप्पणी लिहिलीत, तर त्या अक्षरांना तिकडे जागाच नाही. शिवाय युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक अक्षर किंवा मात्रा ३ बाइट्स खाते, आणि ८० ची मर्यादा बाइट्सची आहे, अक्षरांची नव्हे.

एडिटरचे घोळ

युनिक्सवरचे एडिटर आपलं घर समजून इथे वावरतात. व्हिम फाइल उघडली की शेजारी टिंबाने सुरू होणारी स्वॅप फाइल बनवतो. टिंबाने सुरू होणारं नाव मेनफ्रेमला चालत नाही. सर्व्हर हवं तर त्या टिंबाचं डॉलरचं चिन्ह करतो, पण मेंबरचं नाव ८ अक्षरांचं असल्यामुळे स्वॅप फाइलचं लांबलचक नाव तिथे बसत नाही. नावाच्या शेवटी लाटेसारखं चिन्ह लावून बॅकअप बनवणाऱ्या एडिटरांचंही तेच. उपाय सोपा आहे: स्वॅप आणि बॅकअप लोकल डिरेक्टरीत जातील असं सेटिंग करा.

८० च्या पुढे गेलेली ओळ लिहिताना एरर येते. वाईट हे, की क्लायंट लिखाण साठवून मग पाठवतो, त्यामुळे ही एरर उशिरा येते आणि काही एडिटर ती नीट दाखवतही नाहीत. कोबोलमध्ये कोड ८ ते ७२ या रकान्यांतच लिहायचा असतो आणि ७३ ते ८० क्रमांकासाठी, हे एडिटरला माहीत नसतं. टॅबची कळ तर इथे विसरूनच जायची. तो एकच बाइट म्हणून जातो आणि पुढचे सगळे रकाने सरकतात. टेक्स्ट डेटासेटमधली मधली एखादी ओळ तिची लांबी बदलून जागच्या जागी लिहिणंही जमत नाही. अख्खी फाइल नव्याने लिहिणारे एडिटर म्हणूनच इथे चालतात.

परवानग्या

पारंपरिक एनएफएस क्लायंटने पाठवलेल्या युजर क्रमांकावर विश्वास ठेवतं. मेनफ्रेमवर रॅकएफसारखी सुरक्षा १९७६ पासून आहे आणि ती नुसत्या क्रमांकावर विश्वास ठेवत नाही. म्हणून क्लायंटवर 'एमव्हीएसलॉगिन' नावाचा छोटा प्रोग्रॅम चालवून आपला मेनफ्रेमचा आयडी आणि पासवर्ड द्यावा लागतो; त्यानंतर सर्व्हर त्या मशीनवरच्या त्या युजरला तुमच्या रॅकएफ अधिकारांनी वागवतो. सकाळी चाललेलं माउंट दुपारी 'परमिशन डिनाइड' म्हणायला लागलं, तर आधी ही लॉगिन संपली का ते बघा. चौथ्या आवृत्तीत केर्बेरॉस हे ओळख पटवण्याचं तंत्र वापरता येतं. शक्य असेल तिथे तेच वापरावं, कारण साध्या माउंटवरचा मजकूर नेटवर्कवर उघडाच जातो.

खरोखरची डिस्क माउंट करायची असेल तर

झेड/व्हीएम या मेनफ्रेमच्या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे एका मोठ्या डिस्कचे तुकडे पाडून प्रत्येक युजरला मिनिडिस्क देतात. आपली मुख्य मिनिडिस्क म्हणजे १९१. व्हीएमच्या एनएफएस सर्व्हरला युजरचं नाव आणि १९१ सांगितलं, की ती मिनिडिस्कच डिरेक्टरी म्हणून येते. इथे 'डिस्क माउंट केली' हे वाक्य अक्षरशः खरं. व्हीएमवर युजर ज्यात काम करतो त्या सीएमएसच्या फाइलीला नाव आणि प्रकार असे दोन भाग असतातच, त्यामुळे ती युनिक्सवर टिंब घालून सहज बसते. टेक्स्ट-बायनरीची निवड मात्र इथेही सुटत नाही.

आणखी एक वाट आहे, नेटवर्क न वापरता. मेनफ्रेमवरच लिनक्स चालत असेल तर झेड/ओएसची डिस्क थेट त्या लिनक्सला जोडता येते. डिस्क ऑनलाइन करण्याआधी तिच्यावर कच्च्या ट्रॅकची परवानगी लावायची, आणि मग 'झेडडीएसएफएस' या साधनाने माउंट करायची. साधे सिक्वेन्शियल डेटासेट फाइल म्हणून दिसतात, पीडीएस डिरेक्टरी म्हणून, आणि सोबत 'मेटाडेटा.टीएक्सटी' नावाची फाइल मिळते, जिच्यात प्रत्येक डेटासेटचा रेकॉर्ड प्रकार आणि लांबी लिहिलेली असते. एनएफएसमधून जी माहिती शोधायला मेनफ्रेमवर लॉगिन करावं लागतं, ती इथे हातात येते, हे मला फार आवडतं. व्हीसॅम (डेटासेटचा आणखी एक प्रकार) चालत नाही. डेटासेट अनेक व्हॉल्यूमवर पसरला असेल तर ते सगळे व्हॉल्यूम द्यावे लागतात. फक्त वाचता येतं, आणि झेड/ओएसच्या कुलुपांची या वाटेला स्वतःहून खबर नसते, म्हणून झेड/ओएस त्या डिस्कवर लिहीत असताना वाचायला जाऊ नये. डिस्क तिकडे ऑफलाइन करून घ्यावी. नव्या आवृत्तीत झेड/ओएसच्या वेब सेवेशी बोलून आधी कुलूप मागून घेण्याची सोय आली आहे.

आणि रोजची देवाणघेवाण असेल, तर डेटासेटच्या वाटेला न जाणंच उत्तम. झेड/ओएसच्या पोटात एक पूर्ण युनिक्स आहे आणि त्याची स्वतःची झेडएफएस फाइल सिस्टिम आहे. तिथली फाइल बाइट्सचीच रांग असते, लांबी लिहिलेली असते, नावं लांब चालतात. तोच एनएफएस सर्व्हर ती माउंट करून देतो, फक्त मार्गाच्या आधी 'एचएफएस' हा उपसर्ग लावायचा. 'एलएस -एल' लगेच परत येतं, स्वॅप फाइली बनतात, मागेपुढे वाचता येतं. रात्रीच्या बॅचमध्ये एक पायरी घालून हवा तो डेटासेट तिथे कॉपी करून ठेवावा. अक्षरसंचाची काळजी मात्र तिथेही घ्यावी लागते: फाइल एबसिडिकमध्ये आहे की आस्कीत हे सांगणारा टॅग तिला लावता येतो, पण तो लागलेला असेलच असं नाही, म्हणून कॉपीच्या त्याच पायरीत 'सीएचटॅग' कमांडने तो लावून टाकावा.